ड्राफ्टमध्ये ठेवलेली रील्स कुठे जातात आणि ती पुरी कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे : एक ताई घरगुती फराळ करून विकतात. इन्स्टाग्रामवर त्यांनी वीसेक रील्स अर्धी-पाऊण करून ड्राफ्टमध्ये ठेवली होती. आता नवा फोन घेतला, त्यावर लॉगिन केलं, तर एकही ड्राफ्ट दिसत नाही. जुना फोन मुलाकडे आहे आणि त्याचं म्हणणं, ‘ॲप काढून परत टाकतो, येतील.’ शिवाय ड्राफ्ट मिळाले तरी ते पुरे होतच नाहीत, त्याचं काय करायचं, हेही त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी मुलाला थांबवा. जुन्या फोनवरचं इन्स्टाग्राम काढायचं नाही, त्यातून लॉगआउट करायचं नाही, सेटिंगमध्ये जाऊन त्याचा डेटा साफ करायचा नाही, आणि फोन रीसेट तर अजिबात करायचा नाही. एवढं पाळलंत तर तुमची रील्स बहुधा जिथल्या तिथे आहेत. ती नव्या फोनवर मात्र येणार नाहीत. तो नाद सोडा.

मी छोट्या दुकानांची आणि घरून व्यवसाय करणाऱ्यांची रील्स जोडून देते. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाची ड्राफ्टविषयी एकच समजूत असते, की आपण सेव्ह केलं म्हणजे ते ‘इन्स्टाग्रामवर’ सेव्ह झालं. तसं होत नाही. टाकलेली रील्स, फॉलोअर्स, मेसेज, सेव्ह केलेल्या दुसऱ्यांच्या पोस्ट, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं, म्हणून कुठल्याही फोनवर लॉगिन केलं की समोर येतं. रीलचा ड्राफ्ट मात्र ज्या फोनवर केला त्या फोनच्या पोटातच राहतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर ड्राफ्ट म्हणजे लिहून ठेवलेली पाककृती, तयार पदार्थ नव्हे. कोणती क्लिप कुठून कुठपर्यंत घ्यायची, कोणतं गाणं कितव्या सेकंदापासून लावायचं, ‘खुसखुशीत’ हा शब्द पडद्यावर कधी आणायचा, एवढं त्यात नोंदलेलं असतं. ॲप शेअर करायच्या वेळी ते सगळं एकत्र करून एक सलग व्हिडिओ बनवतं आणि मग तो वर पाठवतं. तोवर वर काहीच गेलेलं नसतं.

मुलाचा उपाय म्हणूनच धोक्याचा आहे. ॲप काढलं की त्याची फोनमधली खासगी जागा पुसली जाते आणि ड्राफ्टही त्याबरोबर जातात. अँड्रॉइडवर ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ (काही फोनवर ‘क्लिअर स्टोरेज’) ही दोन बटणं शेजारी शेजारी असतात. पहिलं दाबलं तर तात्पुरत्या फायली जातात, दुसरं दाबलं तर ॲप नव्याने टाकल्यासारखं कोरं होतं. फोन भरला म्हणून घाईत जागा करायला बसलेला माणूस नेमकं दुसरं दाबतो. आयफोनवर ‘ऑफलोड ॲप’ केलं तर ॲप जातं पण त्याचा डेटा राहतो, ‘डिलीट ॲप’ केलं तर दोन्ही जातं. लॉगआउट केल्याने ड्राफ्ट जातातच असं नाही, पण त्यावर पैज लावू नये. काम संपेपर्यंत लॉगिन राहू द्या.

‘पण नवा फोन घेताना दुकानातल्या मुलाने सगळा बॅकअप आणून दिला होता,’ हेही नेहमी ऐकते. फोटो, नंबर, व्हॉट्सॲपच्या गप्पा आल्या असतील. पण अँड्रॉइडच्या गूगल बॅकअपमध्ये एका ॲपच्या वाट्याला जेमतेम २५ एमबी येतात, आणि तुमची तळणीची एक बरी क्लिपच त्याहून मोठी असते. मेटाकडून, म्हणजे इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीकडून, आपल्या खात्याच्या माहितीची प्रत मागवता येते, तीही काही जण मागवतात. जे त्यांच्या सर्व्हरवर पोचलंच नाही ते प्रतीत येणार कुठून? आणि ‘डिलीट झालेले ड्राफ्ट परत मिळवा’ म्हणणारी जी ॲप्स आहेत, त्यांच्या नादी लागू नका. इन्स्टाग्रामची ती खासगी जागा दुसऱ्या ॲपला उघडताच येत नाही. त्यांना हवा असतो तुमचा पासवर्ड.

आता जुना फोन हातात घ्या आणि शोधा. प्रोफाइलवर जा, तुमच्या पोस्टच्या वर जे टॅब आहेत त्यातला रील्सचा टॅब दाबा. ड्राफ्ट असतील तर तिथे सगळ्यात पहिला चौकोन ‘ड्राफ्ट्स’चा दिसतो. हा चौकोन फक्त तुम्हालाच दिसतो, त्यामुळे ‘लोकांना माझी अर्धवट रील्स दिसतात का’ ही काळजी नको. दुसरी वाट म्हणजे अधिकचं चिन्ह दाबून ‘रील’ निवडायचं. गॅलरी उघडते, तिच्या वरच्या बाजूला ‘ड्राफ्ट्स’ असतं. ॲपची आवृत्ती बदलली की ही बटणं थोडी इकडेतिकडे सरकतात, पण या दोन जागा सोडून ती फार लांब जात नाहीत.

तिथे काही नाही? मग आधी वर नाव कोणाचं आहे ते बघा. ड्राफ्ट फोनबरोबर खात्यालाही बांधलेला असतो. तुमचं घरचं खातं वेगळं आणि फराळाचं वेगळं असेल, आणि रात्री दमून रील करताना ॲप घरच्या खात्यावर उघडं असेल, तर ड्राफ्ट तिकडे जाऊन बसतो. माझ्याकडे ‘हरवले’ म्हणून आलेले ड्राफ्ट सर्वांत जास्त सापडतात ते इथे. प्रोफाइलवरच्या नावावर दाबून खातं बदला आणि पुन्हा रील्सचा टॅब उघडा.

तरीही नाही दिसलं तर ते मुळात रीलचा ड्राफ्टच नसेल. फोटोच्या पोस्टचे ड्राफ्ट वेगळ्या जागी असतात. नवी पोस्ट करायला गेलात की गॅलरीच्या यादीत ते सापडतात. स्टोरीचा ड्राफ्ट सात दिवसांनी आपोआप जातो, तेव्हा गेल्या दिवाळीची स्टोरी शोधत बसू नका. व्यावसायिक खात्यावर पोस्ट पुढच्या तारखेला लावून ठेवता येते, ७५ दिवस पुढेपर्यंत. अशी लावून ठेवलेली रील्स ड्राफ्टमध्ये नसतात, मेन्यूमध्ये ‘शेड्यूल्ड कंटेंट’ नावाखाली असतात. आणि चौथी गोष्ट म्हणजे अडकलेलं अपलोड. नेट गेलं आणि रील वर चढलंच नाही, तर मुख्य पानावर वरच्या बाजूला एक बारीक पट्टी राहते, शेजारी पुन्हा प्रयत्न करायची खूण आणि फुली. ती फुली ‘पट्टी घालवायची’ म्हणून दाबू नका.

इन्स्टाग्रामचंच ‘एडिट्स’ नावाचं वेगळं ॲप एप्रिल २०२५ मध्ये आलं. त्यात केलेलं काम त्याच ॲपमध्ये राहतं. इनशॉट, व्हीएन या व्हिडिओ जोडायच्या ॲप्सचंही तसंच. मुलाने कधी ‘यात चांगलं होतं’ म्हणून दुसऱ्या ॲपमध्ये जोडून दिलं असेल तर तिथेही डोकवा. ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये मात्र फक्त टाकून नंतर काढलेल्या पोस्ट आणि रील्स ३० दिवस राहतात. टाकून दिलेला ड्राफ्ट तिथे येत नाही. ‘डिस्कार्ड’ दाबलं की तो गेला.

समजा सापडले. आता पुढचं काम घाईने नव्या फोनवर हलवायचं नाही. तुमचं खातं तेच आहे. रील जुन्या फोनवरून टाकलं काय नि नव्या फोनवरून टाकलं काय, बघणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणून सरळ मार्ग हा, की जुना फोन आठवडाभर मुलाकडून मागून घ्या, चार्जरला लावा, वायफायला जोडा, दोन-चार जीबी जागा मोकळी करा (ॲप काढून नव्हे, मुलाचे गेमचे व्हिडिओ काढून) आणि ड्राफ्ट तिथेच पुरे करून तिथूनच टाका. फोनच्या स्क्रीनला तडा गेला असेल, आवाज घोगरा येत असेल, तरी चालेल.

फोन लगेच परत द्यायचा असेल तर मात्र प्रत्येक ड्राफ्ट उघडा आणि डाउनलोडची बाण असलेली खूण दाबून गॅलरीत उतरवून घ्या. यात एक गोम आहे. ॲपच्या संग्रहातलं गाणं लावलं असेल तर उतरवलेल्या व्हिडिओत ते गाणं सहसा येत नाही. हक्काचा मामला असतो. म्हणून गाण्याचं नाव वहीत टिपून ठेवा आणि ते गाणं ॲपमध्ये सेव्ह करा. सेव्ह केलेली गाणी खात्याबरोबर नव्या फोनवर येतात. दुसरी अडचण अशी की उतरवलेल्या व्हिडिओत अक्षरं, स्टिकर सगळं छापून बसतं. नंतर ‘₹४००’चे ‘₹४५०’ करायचे असले तर होणार नाहीत. त्यामुळे तयार व्हिडिओपेक्षा मूळ क्लिप्स नव्या फोनवर नेणं जास्त मोलाचं. क्विक शेअर, केबल, पेनड्राइव्ह, गूगल फोटोज, काहीही वापरा. व्हॉट्सॲपने पाठवायच्या असतील तर गॅलरीतून व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि चकलीचे काटे पुसट होतात. डॉक्युमेंट २ जीबीपर्यंत जसंच्या तसं जातं.

काही ड्राफ्ट उघडतील पण मधली एखादी क्लिप काळी दिसेल किंवा ॲप तक्रार करेल की फाइल मिळत नाही. त्याचं कारण बहुतेक वेळा गॅलरीत असतं. ड्राफ्टमध्ये घेतलेली मूळ क्लिप नंतर जागा करताना उडवलेली असते, किंवा गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ दाबलेलं असतं. त्या बटणाने बॅकअप झालेल्या क्लिप्स फोनमधून काढल्या जातात. फोटोजमध्ये त्या दिसत राहतात म्हणून आपल्याला वाटतं की आहेत, पण फोनमध्ये नसतात. फोटोजमध्ये जाऊन ती क्लिप पुन्हा डाउनलोड करा आणि ड्राफ्टमध्ये त्या जागी नव्याने घाला. ड्राफ्ट ती आपणहून ओळखेलच असं धरून चालू नका. बॅकअप झालेली गोष्ट उडवली असेल तर फोटोजच्या कचरापेटीत ती ६० दिवस राहते, आयफोनच्या ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये साधारण ३० दिवस. त्यानंतर उरते ती आपल्या माणसांची गॅलरी. ‘बघ कशी झाली’ म्हणून बहिणीला, नणंदेला पाठवलेल्या क्लिप्स त्यांच्याकडे असू शकतात. व्हॉट्सॲपच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये तुमच्याच फोनवरही त्या सापडतात. दर्जा उतरलेला असेल, पण पाच सेकंदांच्या तुकड्याला तो खपून जातो.

एका प्रकारात मात्र काहीच हाती लागत नाही. क्लिप फोनच्या कॅमेऱ्याने न काढता इन्स्टाग्रामच्या कॅमेऱ्यातूनच काढली असेल, तर ती बहुतेक वेळा गॅलरीत येतच नाही, ड्राफ्टच्या आतच असते. ड्राफ्ट गेला की क्लिपही गेली. म्हणून माझा आग्रह असतो की शूटिंग नेहमी फोनच्या साध्या कॅमेऱ्यातून करा आणि जोडायला ॲपमध्ये न्या.

आता तुमच्या दुसऱ्या दुखण्याकडे येते, कारण खरं म्हणाल तर तेच मोठं आहे. वीस ड्राफ्ट साठतात ते वेळ नसल्यामुळे कमी आणि त्या ड्राफ्टला काय म्हणायचंय ते ठरलेलं नसल्यामुळे जास्त. यादी उघडा आणि प्रत्येक ड्राफ्ट एकदाच, आवाज चालू ठेवून, शेवटपर्यंत बघा. बघून झाल्यावर एका वाक्यात सांगता आलं पाहिजे की हे रील कशाबद्दल आहे. ‘दिवाळी फराळ’ हे उत्तर नव्हे. ‘अनारसा तुपात हसतो का’ हे उत्तर आहे. वाक्य सापडलं तर तो ड्राफ्ट पुरा होणार. वाक्य सापडलं नाही पण एखादी क्लिप छान आहे, तर ती क्लिप राखून ठेवा, ड्राफ्ट सोडा. दोन्ही नाही, तर डिस्कार्ड. वीसपैकी निम्मे गेले तरी जिवाला लावून घेऊ नका.

एका फराळवाल्या काकूंचा चकलीचा ड्राफ्ट अलीकडे मी पुरा करून दिला, त्यांच्या संमतीने तो उलगडून दाखवते. लांबी जवळजवळ दोन मिनिटं. सुरुवातीला ओट्यावर मांडलेल्या वाट्या, त्यावरून हळूहळू फिरणारा कॅमेरा. मग भाजणी चाळणं, मग पाण्यात मोहन, तिखट, तीळ, ओवा घालून उकड काढणं, मग सोऱ्या भरणं, कागदावर चकल्या पाडणं, तळण, आणि शेवटी डबा. मागे शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या. काकू सगळं बोलत होत्या, आणि जवळजवळ शेवटी, झाऱ्याने चकली उलटताना, सहज म्हणाल्या, ‘बुडबुडे थांबायच्या आत काढता ना, म्हणून मऊ पडते.’

रील तिथे होतं. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं. मी ती झाऱ्याची क्लिप उचलून पहिल्या जागी आणली, तीही वाक्याच्या बरोबर सुरुवातीपासून. तिच्यानंतर तेलाचा जवळून घेतलेला तुकडा : आधी खळखळणारे बुडबुडे, मग शांत होत आलेलं तेल. मग सोऱ्यातून पडणारी चकली, कारण काटे बघायला लोकांना आवडतं. उकडीचे वीस सेकंद होते, त्यातले चार ठेवले. वाट्यांचा फिरता कॅमेरा पूर्ण काढला. शेवटी काकूंनी चकली मोडली, कटकन आवाज आला, तिथे थांबवलं. ‘नक्की ऑर्डर करा’ हे त्यांचं वाक्य कॅप्शनमध्ये टाकलं. उरलं चाळीस सेकंदांच्या आतलं रील. काकूंना वाट्या गेल्याचं वाईट वाटलं, कारण मांडायला अर्धा तास लागला होता. त्याला इलाज नाही. बघणाऱ्याला तो अर्धा तास दिसत नाही.

ॲपमध्ये हे करायचं कसं? ड्राफ्ट उघडला की ‘एडिट व्हिडिओ’ दाबा, खाली क्लिप्सची पट्टी येते. क्लिपवर बोट दाबून धरलं की ती उचलून मागेपुढे नेता येते. क्लिपवर एकदा दाबलं की तिच्या दोन्ही टोकांना दांडे येतात, ते ओढून आखूड करायचं. मधलाच भाग काढायचा असेल तर पांढरी रेघ तिथे आणून ‘स्प्लिट’, पुढे नेऊन परत ‘स्प्लिट’, आणि मधला तुकडा डिलीट. एवढ्या तीन गोष्टी आल्या की नव्वद टक्के काम येतं.

क्रम मात्र पाळा, यात लोकांचे तासन्‌तास जातात. आधी क्लिप्सचा क्रम, मग काटछाट, मग तुमचा आवाज, मग पडद्यावरची अक्षरं, आणि गाणं सगळ्यात शेवटी. अक्षरं सेकंदाला बांधलेली असतात. ती आधी घातली आणि नंतर क्लिप कापली, तर ‘मोहन गरम हवं’ ही ओळ डब्यावर जाऊन बसते. तुमचे बरेचसे ड्राफ्ट ‘काहीतरी बिघडलं’ म्हणून अडले असतील तर नव्वद टक्के कारण हेच. अशा ड्राफ्टमध्ये अक्षरं दुरुस्त करत बसू नका, सगळी काढा, काटछाट संपवा आणि नव्याने लिहा. पाच मिनिटांचं काम असतं.

आवाजाबद्दल. कुकर, मिक्सर, टीव्हीवरची मालिका, हे सगळं क्लिपमध्ये आलं असेल तर त्या क्लिपचा मूळ आवाज शून्य करा आणि ‘व्हॉइसओव्हर’मध्ये नव्याने बोला. पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. कपाट उघडून साड्यांकडे तोंड करून बोललात तर आवाज घुमत नाही, हे हसण्यासारखं वाटेल पण करून बघा. तळणीचा चुरचुर आणि चकली मोडल्याचा आवाज मात्र ठेवाच. गाणं लावलं तर ते बोलण्याखाली अगदी बारीक.

जुन्या ड्राफ्टमध्ये गाण्याची एक खास अडचण येते. गेल्या वर्षी लावलेलं गाणं आता उपलब्ध नाही असं ॲप सांगतं, किंवा रील मूक होतं. गाण्यांचे हक्क येतात-जातात. शिवाय मधल्या काळात तुम्ही खातं ‘बिझनेस’ प्रकारात बदललं असेल तर चित्रपटांची बरीचशी गाणी दिसतच नाहीत, कारण धंद्याच्या जाहिरातीसाठी त्यांची परवानगी नसते. काही जण यावर तोडगा म्हणून खातं परत वैयक्तिक करतात. माल विकणाऱ्या माणसाने हे करू नये असं माझं मत आहे. तुमचा आवाज आणि कढईचा आवाज हे दुसऱ्या कुणाच्या मालकीचे नाहीत. गाणं गेलं तर जाऊ द्या. गाण्याच्या तालावर बसवून क्लिप्स कापल्या असतील तरच ते रील टाकाऊ होतं.

काम अर्धवट ठेवून उठायचं असेल तर ॲप तसंच मागे टाकून जाऊ नका. मागचा बाण दाबा, ‘सेव्ह ड्राफ्ट’ विचारलं जातं, ते दाबा, आणि यादीत जाऊन बदल खरंच आले का ते एकदा बघा. त्याच चौकटीत ‘डिस्कार्ड’ही असतं, तेव्हा पेंगत असताना हे काम नको. कॅप्शन ड्राफ्टच्या भरवशावर सोडू नका, फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा, भावासकट, वजनासकट.

लांबीचा बाऊ करू नका. जुलै २०२० मध्ये, टिकटॉकवर भारतात बंदी आल्यावर काही दिवसांतच, रील्स इथे आली तेव्हा १५ सेकंदांची मर्यादा होती. वाढत वाढत जानेवारी २०२५ मध्ये ती ३ मिनिटांवर गेली. जागा वाढली म्हणून भरलीच पाहिजे असं नाही. फराळाच्या कृतीला एक मिनिट खूप झालं, आणि ‘एकच युक्ती’ असेल तर त्याहून कमी.

शेअर करण्याआधी कव्हर निवडा. प्रोफाइलवरचे चौकोन २०२५ पासून उभे झाले आहेत, ३ बाय ४. रील ९ बाय १६ असतं, म्हणजे कव्हरचा वरचा आणि खालचा भाग प्रोफाइलवर कापला जातो. पदार्थाचं नाव मधोमध ठेवा. पडद्यावरच्या इतर अक्षरांचंही तसंच आहे. अगदी खाली कॅप्शन येतं आणि उजव्या कडेला लाइक-कॉमेंटची बटणं, तिथे लिहिलेला फोन नंबर कुणाला वाचता येत नाही. सेटिंगमध्ये ‘मीडिया क्वालिटी’ म्हणून आहे, तिथे उच्च दर्जाने अपलोड करायचं बटण चालू करा, आणि रील वायफायवर चढवा.

टाकल्यानंतर कॅप्शन, कव्हर, ठिकाण बदलता येतं. क्लिप, आवाज, पडद्यावरची अक्षरं बदलता येत नाहीत. म्हणून किंमत शक्यतो व्हिडिओत छापू नका, कॅप्शनमध्ये लिहा. तेलाचे भाव काय असतील ते पुढच्या दिवाळीला कळणार.

हंगामाचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण रीलच्या बाजूने एवढं सांगते की फराळाची रील्स वसुबारसेच्या दिवशी टाकून उपयोग नाही. तोवर लोकांच्या ऑर्डरी गेलेल्या असतात. नवरात्र संपलं की लगेच एकेक सुरू करा. अमेरिकेत, दुबईत फराळ पाठवणाऱ्या असाल तर त्याही आधी, कारण पार्सलला दिवस लागतात. हंगाम गेलेला ड्राफ्ट वर्षभर तसाच ठेवण्यापेक्षा त्यातल्या मूळ क्लिप्स ‘चकली’, ‘करंजी’ अशा नावांच्या अल्बममध्ये टाकून ड्राफ्ट मोकळा करा. पुढच्या वर्षी नवा आवाज, नवी किंमत, क्लिप्स त्याच.

यूट्यूब शॉर्ट्स करत असाल तर तिथेही ड्राफ्टचा नियम हाच आहे. फोनवर केलेला शॉर्टचा ड्राफ्ट त्याच फोनवर राहतो. अधिकचं चिन्ह दाबून शॉर्टचा कॅमेरा उघडलात की तिथे सापडतो. संगणकावरून यूट्यूब स्टुडिओत चढवून अर्ध्यावर सोडलेला व्हिडिओ मात्र ‘ड्राफ्ट’ म्हणून स्टुडिओच्या ‘कंटेंट’मध्ये राहतो आणि कुठूनही दिसतो, कारण तो चढून बसलेला असतो. तसंच फेसबुक-इन्स्टाग्रामसाठीचं मेटा बिझनेस सूट : त्यात केलेला ड्राफ्ट सर्व्हरवर असतो, मुलाने पुण्याहून उघडला तरी दिसतो. फोनच्या इन्स्टाग्राम ॲपमधले ड्राफ्ट तिथे दिसत नाहीत, त्यामुळे तिथे शोधू नका. पण यापुढे तुम्ही आणि मुलगा मिळून काम करणार असाल, तर तयार व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर ठेवायचा आणि कॅप्शनसकट बिझनेस सूटमध्ये ड्राफ्ट करायचा, ही पद्धत बरी पडेल. मग फोन बदलला, पाण्यात पडला, रिक्षात राहिला, तरी रील जागेवर असेल.

जुना फोन मिळाल्यावर रील्सच्या टॅबमध्ये ड्राफ्टचा चौकोन दिसला नाही आणि दुसऱ्या खात्यातही नसला, तर फोनचं मॉडेल आणि मधल्या काळात त्यावर काय काय केलं ते कळवा. त्याआधी ॲप अपडेट करणं, काढणं, साफ करणं, यातलं काही करू नका.